हेलिकॉप्टर जमिनीवरच का उलटतं? उड्डाणाच्या त्या दोन सेकंदांबद्दल

जुहूकर

३ मे २०२४ ला महाडमध्ये सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरता उतरता कलंडलं, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. त्या बसलेल्या नव्हत्या, आतलेही वाचले, हे फार बरं झालं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ तीनदा फिरला आणि तिन्ही वेळा खाली तेच लिहिलेलं: "वाऱ्यानं उलटलं." त्या अपघाताच्या कारणाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण हेलिकॉप्टर जमिनीला टेकलेलं असतानाही उलटू शकतं, यावर इतक्या लोकांना आश्चर्य वाटलेलं पाहून हा धागा काढावासा वाटला. माझी तीस वर्षं हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली, त्यातली बरीचशी जुहूच्या हँगरमध्ये.

आमच्याकडे या प्रकाराला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. उतरताना होतो, तसाच निघतानाही होतो. मी निघतानाचं सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

घरातलं लोखंडी कपाट सरकवताना काय होतं आठवा. फरशीवरून सरकतंय तोवर ठीक. एक पाय फरशीच्या कडेला अडकला की कपाट सरकायचं थांबतं आणि कलायला लागतं. तुमचा जोर तेवढाच असतो, पण आता तो कपाटाला पुढे नेत नाही, अडकलेल्या पायाभोवती फिरवतो. हेलिकॉप्टरचंही असंच. पंखा वर ओढतोय, मशीनचं वजन जवळपास सगळं त्यानं उचललंय, आणि एका बाजूची स्किड (खालची नळीसारखी पट्टी, काही मशीनना चाकं असतात) चिखलात, गवतात, दगडाला किंवा दोरीला अडकली आहे. दुसरी बाजू मोकळी असल्यामुळे ती उठते. पंख्याचा जोर मग मशीनला वर न नेता अडकलेल्या स्किडभोवती उलटवायला लागतो.

बंद उभं असलेलं हेलिकॉप्टर साधारण तीस अंशांपर्यंत कललं तरी परत बसतं. पंखा पूर्ण जोरात असताना मात्र पाच ते आठ अंशांतच खेळ संपू शकतो. नेमका आकडा मशीनवर, वाऱ्यावर, वजन कुठल्या बाजूला भरलंय यावर आणि सगळ्यात जास्त, ते किती वेगानं कलतंय यावर असतो. एकदा फिरण्याला गती आली की वैमानिकानं दांडा पार उलट्या बाजूला दाबला तरी ती थांबत नाही.

आता माझी गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर आमचं मशीन मुक्कामाला होतं. रात्री पाऊस झाला. काळी माती काय चीज आहे हे तिकडच्यांना सांगायला नको. सकाळी ऊन पडलं, वरून सगळं सुकल्यासारखं दिसत होतं. मी नेहमीप्रमाणे मशीनला फेरी मारली. उजवी स्किड दोन बोटं मातीत बसलेली मला दिसली होती. दिसली होती, आणि मी कॅप्टनसाहेबांना सांगितलं नाही. एवढीशी माती काय करणार, असं वाटलं.

मी समोर उभा राहून खुणा करत होतो. आवाज बदलला, मशीन हलकं झालं, आणि डावी स्किड जमिनीवरून सुटली. आमच्या त्या मशीनची डावी बाजू हवेत थोडी खालीच लटकायची, म्हणजे उजवी स्किड आधी सुटायला हवी होती. ती जागची हलली नाही. डाव्या स्किडखाली वीतभर उजेड दिसला. तिला चिकटलेलं मातीचं एक ढेकूळ खाली गळून पडलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. उजवीकडे पंख्याचं टोक जमिनीच्या दिशेनं झुकत होतं. मी दोन्ही हात खाली दाबायची खूण केली, पण ती पाहायला साहेबांना वेळ मिळाला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी आपल्या हातानंच कलेक्टिव्ह (पंख्याचा जोर कमी-जास्त करणारा डाव्या हाताचा दांडा) खाली घेतला, झटका न देता, आणि मशीन धप्पकन दोन्ही स्किडवर बसलं.

इंजिन बंद करून ते खाली उतरले. स्किडपाशी बसून बोटानं माती उकरली आणि मला एवढंच विचारलं, "सकाळी ही अशीच होती का?" मी हो म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत. शाळेच्या शिपायाकडून फावडं आणलं, दोन्ही बाजूंची माती मोकळी केली, तासाभरानं निघालो.

तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव असेल, किंवा प्रश्न असतील, तर जरूर लिहा.

स्वप्नाली_न

काका, वाचताना अंगावर काटा आला. एक शंका. वैमानिकाकडे दांडा असतो ना दिशा बदलायला? उजवीकडे कलतंय तर डावीकडे दाबला की सरळ व्हायला हवं. मग का होत नाही?

जुहूकर

स्वप्नाली, प्रश्न चांगला आहे. दांडा म्हणजे सायक्लिक, उजव्या हातात असतो. तो पंख्याची चकती, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचं वर्तुळ, तिरकी करतो. हवेत असताना चकती डावीकडे झुकली की मशीन गुरुत्वमध्याभोवती फिरतं, पंखा गुरुत्वमध्याच्या बराच वर असतो आणि थोडीशी हालचालही पुरते. जमिनीला अडकल्यावर फिरण्याचा आसच बदलतो, तो स्किडपाशी जातो. आता पूर्ण मशीनचं वजन आणि पंख्याचा जोर त्या कडेवर तोललेला असतो. शिवाय मशीन जेवढं कलतं तेवढी चकतीही त्याच्याबरोबर कलते, आणि चकती उलटी झुकवायला मर्यादा असते. ती मर्यादा संपली की सायक्लिक कितीही दाबा, उपयोग नाही.

म्हणून उपाय उजव्या हातात नाही, डाव्या हातात आहे. कलेक्टिव्ह खाली केला की पंख्याचा जोरच कमी होतो, मशीनचं वजन परत जमिनीवर येतं आणि वजनच त्याला सरळ बसवतं. हे अर्थातच कोन हाताबाहेर जायच्या आधी.

अभियंता_लातूर

फार महत्त्वाचा विषय. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. निवडणुकीच्या काळात आणि मंत्र्यांच्या दौऱ्यात तात्पुरती हेलिपॅड बनवण्याचं काम आमच्याकडे यायचं. मैदान निवडायचं, रोलर फिरवायचा, मुरूम टाकायचा, चुन्यानं गोल आणि मधे एच आखायचा, वाऱ्याची दिशा कळायला झेंडा किंवा धूर, पाण्याचा टँकर, अग्निशमन, रुग्णवाहिका, बंदोबस्त. बहुतेक वेळा एका दिवसात सगळं.

पण खरं सांगतो, स्किड अडकण्याचा विचार आम्हाला कुणी शिकवला नव्हता. आमचं सगळं लक्ष धुळीवर असायचं. धूळ उडून पाहुण्यांवर गेली की आमच्यावर खापर, म्हणून टँकर मोकळा सोडायचो. तुमची काळ्या मातीची गोष्ट वाचून वाटतंय, धूळ दाबायच्या नादात आम्ही चिखल तर करून ठेवत नव्हतो?

आणि आमच्या निलंग्याला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर पडलं होतं, तोही हाच प्रकार का?

जुहूकर

नाही साहेब, निलंग्याची गोष्ट वेगळी. २५ मे २०१७, देवेंद्र फडणवीस यांचं सिकोर्स्की एस-७६. ते हवेत उठलं होतं, उंची टिकली नाही, खाली आलं आणि तारांत अडकून पडलं. आतले सहाही जण वाचले. मेचं मराठवाड्यातलं ऊन म्हणजे विरळ हवा, पंख्याला पकड कमी. उड्डाणाच्याच वेळचा अपघात, पण ज्याबद्दल मी बोलतोय तो नव्हे. रोलओव्हरमध्ये जमीन सुटलेलीच नसते.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर. धूळ हाही खरा धोका आहे. धुळीत वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते, आपण बाजूला सरकतोय हे त्याला कळत नाही, आणि फूटभर उंचीवर आडवं सरकणारं मशीन एखाद्या उंचवट्याला स्किड लावून बसलं की तिथेच उलटतं. म्हणून पाणी हवंच. पण आदल्या संध्याकाळी भरपूर आणि सकाळी नुसता शिडकावा. बूट घालून चालून बघायचं. बुटाला माती चिकटून येत असेल तर स्किडलाही चिकटणार.

आणखी एक, जमीन घट्ट असूनही: हेलिपॅडजवळ सतरंज्या, गालिचे, फ्लेक्स ठेवू नका. पंख्याच्या वाऱ्यानं ते उडतात, आणि वर ओढले गेले तर काय होईल ते सांगायला नको.

गंगाथडी

जुहूकर दादा, मी वैजापूरकडचा शेतकरी. हेलिकॉप्टरात कधी बसलो नाही. पण तुम्ही जे लिहिलं ते आमच्या ट्रॅक्टरला जसंच्या तसं लागू आहे, म्हणून लिहितोय.

उसाची ट्रॉली भरलेली, मागची मोठी चाकं वाफ्यात रुतलेली. ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये टाकून क्लच एकदम सोडतो. चाक फिरू शकत नाही, मग इंजिनाचा जोर जातो कुठं? ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतं. मागच्या आसाभोवती अख्खा ट्रॅक्टर उभा राहतो आणि बसलेल्या माणसावर उलटा पडतो. सेकंदभरसुद्धा लागत नाही. आमच्या शिवारात एक पोरगा असाच गेला.

आमचे वडील शिकवायचे, तोंड उचललं की ब्रेक शोधू नको, रेस देऊ नको, क्लच दाब. जोर तोडला की तोंड खाली येतं. तुमचा तो डाव्या हाताचा दांडा खाली करणं म्हणजे आमचा क्लच दाबणंच की.

जुहूकर

गंगाथडी, आयुष्यभर मी हे शिकाऊ मुलांना सांगत आलो आणि इतकं सोपं उदाहरण मला कधी सुचलं नाही. अगदी तेच आहे. त्या पोराबद्दल वाचून वाईट वाटलं.

देवळालीकर

मी सैन्याच्या हवाई शाखेतून, म्हणजे आर्मी एव्हिएशनमधून निवृत्त. नाशिक रोडला गांधीनगरच्या प्रशिक्षण शाळेत काही वर्षं शिकवलं. चेतक आणि चीता या मशीनवर आयुष्य गेलं. जुहूकरांनी लिहिलंय त्यात थोडी भर घालतो.

शेपटीचा छोटा पंखा मशीनला सरळ ठेवतो, पण त्याच वेळी एका बाजूला ढकलतोही. अमेरिकन मशीनमध्ये, म्हणजे बेल, रॉबिन्सन वगैरे, मोठा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो आणि मशीन उजवीकडे ढकललं जातं. त्यामुळे त्यांच्यात उजवी स्किड अडकणं जास्त वाईट. त्यात डावीकडून वारा असेल, जड माणूस उजवीकडे बसला असेल, तर विचारू नका. चेतक मूळ फ्रेंच, त्याचा पंखा घड्याळाच्या दिशेनं फिरतो, तिथे सगळं याच्या उलट. एका प्रकारावरून दुसऱ्यावर येणाऱ्या वैमानिकाच्या पायांना आणि हातांना हे नव्यानं शिकवावं लागतं.

उतारावरून निघताना पद्धत अशी: दांडा चढाच्या बाजूला धरायचा, कलेक्टिव्ह हळूहळू वाढवायचा. उताराकडची स्किड आधी उठवून मशीन समतल करायचं. तिथे क्षणभर थांबायचं. दांडा मध्यावर आला, सगळं शांत आहे असं वाटलं, मगच सरळ वर. शिकाऊ मुलांना तो क्षणभराचा थांबाच नको असतो. समतल झालं की त्यांना वाटतं सुटलं, आणि दांडा चढाकडे धरलेला असतानाच ओढतात. मग चढाकडची स्किड टेकू बनते.

मी नेहमी माझा डावा हात कलेक्टिव्हवर ठेवून बसायचो, विद्यार्थ्याच्या लक्षात येणार नाही असा. कारण घाबरलेला माणूस वर ओढतो. जमीन अंगावर येतेय म्हटल्यावर तिच्यापासून दूर पळावं असं शरीरच सांगतं. चांगल्या, हुशार मुलांचा हातसुद्धा वर गेलेला मी पाहिलाय. खाली न्यायचा हात तालमीनंच येतो. आणि खाली न्यायचा तोही आपटून नाही. एकदम सोडला तर मशीन उसळी घेऊन दुसऱ्या कुशीवर जाऊ शकतं.

समुद्रपक्षी

मी मुंबईच्या समुद्रातल्या तेलफलाटांवर कंत्राटदारातर्फे काम करतो, चौदा दिवस वर, चौदा दिवस घरी. प्रत्येक वेळी हेलिकॉप्टरनंच ये-जा. आमच्याकडे हेलिडेकची, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायच्या डेकची, जागा जेमतेम असते आणि कडेला समुद्र. तिथे मशीन कललं तर ते आडवं होऊन थांबत नाही.

आम्हाला एका वर्गात एक जुना व्हिडिओ दाखवला होता. ९ डिसेंबर १९९९, सॅन दिएगोजवळ. अमेरिकन मरीन सैनिकांचं सी नाइट हेलिकॉप्टर यूएसएनएस पीकॉस या जहाजावर उतरत होतं. मागचं डावं चाक डेकच्या कडेच्या सुरक्षाजाळीत अडकलं. मशीन उठू पाहत होतं, चाक सोडत नव्हतं. बघता बघता ते मागे उलटून समुद्रात गेलं. अठरा जण होते, सात गेले. व्हिडिओ संपल्यावर वर्गात कुणी बोललं नाही. आणि २९ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत लुइझियानाजवळच्या फलाटावरून निघतानाच एक बेल २०६ डेकवर कलंडून समुद्रात गेलं, चौघेही गेले.

माझा प्रश्न: काही फलाटांवर डेकवर दोरांची जाळी अंथरलेली असते, घसरू नये म्हणून. ती स्किडला अडकत नाही का?

जुहूकर

अडकू शकते. ती जाळी मुख्यतः चाकांच्या मशीनसाठी. स्किडचं टोक किंवा मागची बाजू ढिल्या जाळीत शिरली तर तोच टेकू. म्हणून जाळी ताणलेली आहे का हे पाहणं डेकवरच्या माणसांचं मोठं काम आहे. याहून साधी चूक म्हणजे मशीन बांधून ठेवायचे पट्टे. रात्री वारा असतो म्हणून मशीन डेकला बांधतात. चारपैकी एक पट्टा सोडायचा राहिला, की निघताना तिन्ही बाजू मोकळ्या आणि एक बांधलेली. म्हणून आम्ही सोडलेले पट्टे मोजून वैमानिकाला हातात वर धरून दाखवायचो. चार म्हणजे चार.

मीरा_पाचगणी

आम्ही २०१९ ला केदारनाथला फाटा या गावाहून हेलिकॉप्टरनं गेलो होतो, सासूबाईंना घेऊन. आधी वजन केलं, कुणी कुठे बसायचं ते त्यांनी ठरवलं आणि सासूबाईंना दुसऱ्या बाजूला बसवलं. मी बराच वाद घालत होते की त्यांना माझ्याजवळच बसू द्या. आज कळलं ते कशासाठी होतं.

समजा असं काही झालं आणि आपण आत असलो, तर काय करायचं? लगेच पट्टा सोडून बाहेर पळायचं का?

जुहूकर

मीराताई, पट्टा लगेच सोडायचा नाही. मशीन आडवं झालं की पंख्याची पाती जमिनीवर आपटून तुटतात आणि तुकडे खूप लांब उडतात. पंखा पूर्ण थांबेपर्यंत आत पट्ट्यातच राहणं सुरक्षित. थांबला की मग एका हातानं आधार धरून पट्टा सोडायचा, कारण तुम्ही वरच्या बाजूला लटकलेल्या असाल आणि पट्टा सुटताच शेजारच्यावर पडाल. मग मात्र वेळ घालवायचा नाही, कारण इंधन गळतं आणि आग लागू शकते. सामान, फोन, चप्पल, काही शोधायचं नाही.

आगीवरून आठवलं. रॉबिन्सन आर-४४ या छोट्या मशीनची टाकी आधी ॲल्युमिनियमची असायची. किरकोळ आपटण्यातून माणसं वाचायची आणि नंतर आगीत जायची. २०१० च्या शेवटी कंपनीनं टाकीच्या आत रबरी पिशवी बसवायची सूचना काढली, आणि ऑस्ट्रेलियानं २०१३ मध्ये तिच्याशिवाय उडायलाच बंदी केली. ज्या मशीनमध्ये आपण बसतो त्यात ती पिशवी आहे का, हे विचारायचा प्रवाशाला पूर्ण हक्क आहे.

आणि बाहेर उभ्या असलेल्यांसाठी: आडवं झालेल्या मशीनकडे मदतीला धावताना पंखा थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका. मला माहीत आहे, आतली माणसं ओरडत असताना थांबणं किती कठीण आहे. तरी थांबा.

समुद्रपक्षी

मीराताई, काकांनी सांगितलं तेच आम्हाला पाण्यात शिकवतात. गोव्याला बेतूलला ओएनजीसीची संस्था आहे, तिथे हेलिकॉप्टरसारखी एक पेटी पोहण्याच्या तलावात सोडतात आणि उलटी करतात. एक हात खिडकीच्या कडेला, एक हात पट्ट्याच्या कडीवर. पेटी फिरायची पूर्ण थांबेपर्यंत कडी उघडायची नाही. नाकात पाणी जातं, दिशा कळत नाही, पण खिडकीवर ठेवलेला हात सांगतो बाहेर कुठे आहे. पहिल्या वेळी मी घाईनं पट्टा सोडला आणि वर-खाली काहीच उमजेना, प्रशिक्षकानं ओढून बाहेर काढलं. दुसऱ्या वेळी हात सोडला नाही.

अभियंता_लातूर

जुहूकर साहेब, खात्यात अजून माझे दोन-तीन जुने सहकारी आहेत. त्यांना हा धागा पाठवला. त्यातल्या एकानं विचारलंय, मशीन रात्री मुक्कामाला असेल आणि पाऊस येणार असेल तर आमच्या बाजूनं काय करता येईल?

जुहूकर

स्किडखाली फळ्या द्या. त्या दिवसानंतर मी दोन जाड फळ्या नेहमी मशीनबरोबर ठेवायला लागलो, सहा फूट लांब, हातभर रुंद. मशीन मुक्कामाला थांबणार असेल तर उतरायच्या आधीच जमिनीवर मांडायच्या नाहीत, वाऱ्यानं उडतात आणि स्किड तिच्या कडेवर बसू शकते. पंखा थांबल्यावर मशीन उचलून सरकवायची छोटी चाकं लावतात, तेव्हा खाली सारायच्या. सकाळी निघायच्या आधी परत चाकांवर उचलून फळ्या काढायच्या, म्हणजे स्किड रात्रभर चिकटलेली नाही याची आपोआप खात्री होते. फळ्या काढल्यावर त्या मोजून बाजूला ठेवायच्या, पट्ट्यांसारख्याच.

आणि तुमच्या सहकाऱ्यांना सांगा, सकाळी स्किडपाशी काहीही वेगळं दिसलं, दोन बोटं का असेना, तर वैमानिकाला जाऊन सांगा. तो रागावणार नाही.

अभियंता_लातूर

सांगतो. फळ्या आमच्या स्टोअरमध्ये असतातच, सेंटरिंगच्या. यादीत घालायला लावतो.